खाचरातला बटाटा

बटाट्याला कीड लागते हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर बटाटा जमिनीत कसा बसलेला असतो हेही माहीत नव्हतं. आमच्या रोह्याकडे बटाटा म्हणजे बाजारातून पिशवीत येणारी वस्तू. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच खाचरात वाल, ही आमची शेती. त्यात वाल तर असला गुणी की विचारू नका. जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरायचा आणि घरी येऊन पडायचं. पाणी नको, खुरपणी नको. फार तर शेंड्याला काळा मावा दिसला तर चुलीतली राख भुरभुरायची, आणि एवढ्या कष्टांवर आम्ही गावभर शेतकरी म्हणून मिरवायचं. शेंगा भरल्या की मडकं काढायचं, भामरुडाचा पाला आणायचा, मडक्यात शेंगा भाजत पोपटी लावायची आणि तिचे फोटो पाठवायचे. हिवाळ्यात आमचे मोबाइल शेतापेक्षा जास्त राबतात.

अशा कष्टाळू घरात घाटावरची सून आली. माझा मुलगा धाटावला कंपनीत आहे. घरातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असतं, शिफ्ट आहे. सकाळची नसेल तर दुपारची असते. सून मात्र बापाबरोबर बटाट्याच्या रानात वाढलेली. ती मला आत्या म्हणते आणि माझ्या दिरांना मामा, तिकडची रीत. पहिले काही महिने मला कुणी तरी पाहुणी आल्यासारखं वाटायचं, मग सवय झाली.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्या पोरीने कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवाळीत मागितलं. साडी नाही, दागिना नाही. म्हणाली, कालव्याकडच्या बाजूला मला बारा ओळी बटाटा लावू द्या. बेणं माझे वडील पाठवतील.

आता आमच्या खाचराची गोष्ट सांगायला हवी. ते अर्धं माझं, अर्धं माझ्या दिरांचं. कागदावर वाटणी झालेली आहे, शेतात मधे बांध नाही. माझे मालक गेल्यापासून कागद माझ्या नावावर आणि हुकूम दिरांचा, असं ते चाललेलं होतं. भाऊजी पेणला राहतात. निवृत्त मास्तर. मास्तर निवृत्त होतो, शिकवणं निवृत्त होत नाही. पेणला मातीचे गणपती घडतात, तेव्हा मातीतलं सगळं पेणच्या माणसाला कळतं असा त्यांचा एक समज आहे. महिन्यातून दोनदा वडखळची गर्दी पार करून ते आमच्याकडे येतात, आणि आल्यावर पहिला अर्धा तास त्या गर्दीवरच बोलतात. मग पाणी पितात आणि शेतीकडे वळतात.

सुनेचं मागणं मी त्यांच्या कानावर घातलं. माझ्याच जमिनीतल्या बारा ओळी, पण मी विचारायला गेले. भाऊजींनी डोळे मिटून विचार केला आणि परवानगी दिली. एक हिवाळा बघा, म्हणाले. जमलं तर पुढचं पुढे. नाही जमलं तर वालाच्या रानात असले प्रयोग पुन्हा नाहीत, आणि हा विषयही पुन्हा नाही. सुनेने मान डोलावली. मला ते तेव्हा साधं बोलणं वाटलं. तिला नव्हतं वाटलं. तिला कळलं होतं की बटाटा आला तर या घरात तिला शेतात उभं राहायला जागा आहे, नाही आला तर तिने आयुष्यभर ओट्यासमोर उभं राहायचं आहे.

टेम्पोतून बेण्याची पोती आली. तिने एकेक बटाटा डोळे बघून कापला, कापलेल्या अंगाला राख लावली, सावलीत वाळवला. मी आपली बाजूला बसून, हे एवढं करून शेवटी भाजीच होणार ना, असं दोनतीनदा म्हटलं. ती पुढचा बटाटा कापायला घ्यायची. ही मुलगी भांडत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडायला फार ताकद लागते.

महिन्याभराने हिरवीगार रोपं वर आली आणि मग एका सकाळी चारपाच रोपं जमिनीलगत कापलेली, आडवी. भाऊजी नेमके आलेले होते. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा वर केला आणि निकाल दिला, उंदीर. उंदरासाठी काय करावं याचा व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर होताच. तो सुरू होईपर्यंत सुनेने कापलेल्या रोपाच्या बुडाशी बोटाने माती उकरली, आत वेटोळं करून बसलेली मातकट रंगाची अळी काढली आणि भाऊजींच्या तळहातावर ठेवली. ही रात्री वर येते आणि देठ कुरतडते, दिवसा मातीत झोपते, असं तिने अगदी आदराने सांगितलं. भाऊजींनी हात झटकला. व्हिडिओ मात्र शेवटपर्यंत चालू ठेवला. पुढचे आठ दिवस ती उजाडता उजाडता शेतात जायची आणि अळ्या वेचून डब्यात टाकायची. डब्यात साबणाचं पाणी. बस, संपलं औषध.

ती अळी भाऊजींनी फार मनाला लावून घेतली असावी. कारण पुढच्या फेरीला ते पिवळे चिकट कागद घेऊन आले, पंचवीस. ते काठ्यांना बांधून ओळींमधे असे रोवले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, आमच्याकडे कुणाची तरी मिरवणूक यायची आहे. त्या कागदांना चिलटं चिकटली, वाळलेली पानं चिकटली, तीनचार चतुर बिचारे उगाच चिकटले आणि एकदा भाऊजींच्या सदऱ्याची बाही चिकटली. सगळ्यांचे फोटो त्यांनी आपल्या ग्रुपवर टाकले, बाही सोडून. नंतर लसूण, मिरची, तंबाखू आणि आंबट ताक यांचा एक काढा त्यांनी स्वतः केला, माझ्या पातेल्यात. ते पातेलं मी पुढे अंघोळीच्या पाण्यालासुद्धा वापरलं नाही. काढा पंपात भरून वाऱ्याकडे तोंड करून फवारला. दोन दिवस ते आमच्याकडेच राहिले आणि काळा चष्मा लावून सल्ले देत होते.

आणि मी हसत होते, असं आता लिहायला बरं वाटतं. पण खरी चूक या काढ्यात नव्हती. ती पुढे झाली आणि तिच्यात मी होते.

बटाट्याला माती चढवावी लागते. रोप वाढत जातं तसतशी दोन्ही बाजूंची माती ओढून त्याच्या बुडाशी उंच भर घालायची. खाली बटाटे फुगतात, त्यांची पाठ उघडी पडली की त्यांना ऊन लागतं आणि दुसरं जे लागतं ते त्याहून वाईट. सुनेने पहिली भर हातानेच घातली होती, कुणाच्या डोळ्यावर आली नाही. दुसरी मोठी भर घालायला ती कुदळ घेऊन निघाली आणि सगळं गाव जागं झालं. कारण आमच्याकडे भात कापल्यावर खाचराला कुदळ लावायची रीतच नाही. खाचर म्हणजे आरशासारखं सपाट पाहिजे, पावसाळ्यात पाणी सगळीकडे सारखं उभं राहायला पाहिजे. वाल त्या सपाटीला हात लावत नाही म्हणून तो आमचा लाडका.

पलीकडच्या शेतातली बाई बांधावर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "काय गो, बटाट्याच्या समाध्या बांधतेस काय?"

"बांधते की मावशी. आतला जिवंत राहावा म्हणून."

सून हे हसून बोलली, पण ते पेणपर्यंत पोचलं. भाऊजींचा फोन आला. खाचराची पातळी बिघडेल, आपल्या वडिलांनी पाठीवर माती वाहून हे शेत सपाट केलंय, असं त्यांनी मला सुनावलं. भाऊजींच्या वडिलांनी पाठीवर काय काय वाहिलं ते मी सून म्हणून डोळ्यांनी पाहिलंय, त्यात माती फारशी नव्हती. पण मी व्हय भाऊजी, व्हय भाऊजी, करत राहिले. फोन ठेवला आणि सुनेला सांगितलं, कुदळ ठेव. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. कुदळ भिंतीला टेकवून ठेवली आणि पीठ मळायला बसली.

आता माझं पाप सांगते. खाचराची पातळी बिघडत नाही, हे मला माहीत होतं. पाऊस लागला की सगळं खाचर पाण्याने भरून आम्ही त्याचा चिखल करतो, वर फळी फिरवतो. त्या चिखलात बटाट्याची भर काय, हत्ती पुरला असता तरी सपाट झाला असता. चाळीस वर्षं मी ती फळी फिरताना पाहत आले. पण त्या दिवशी मला ते आठवायचं नव्हतं. दिराशी वाकडं बोलण्यापेक्षा सुनेला सरळ गप्प करणं सोपं असतं. सासू झाल्यावर एवढी तरी सोय मिळायला नको का, असंही मनात कुठे तरी असणार.

संक्रांत झाली आणि जमीन तडकायला लागली. आमची माती तशीच, ओल गेली की बोटभर भेगा. त्या भेगांतून बटाट्यांच्या हिरव्या पाठी दिसायला लागल्या. एका सकाळी सून मला मुद्दाम घेऊन गेली. एका रोपाला तिने पायाने हलवलं तसे आठदहा बारीक राखाडी पतंग भुर्रकन उठले आणि पुढच्या रोपावर जाऊन बसले. दिसायला इतके साधे की दिव्यापाशी आले असते तर मी ओळखलेही नसते. ती म्हणाली, हे उघड्या बटाट्यावर अंडी घालतात. भेगेतून खाली उतरतात. यांची अळी बटाट्याच्या आत शिरते आणि आतल्या आत बोगदे करते. मग तिने एक रोप उपटलं. चार बटाटे आले. तीन गोरेगोमटे. चौथ्याच्या डोळ्यापाशी काळी भुकटी जमलेली. तिने तो नखाने फोडला. आत वेडीवाकडी काळी वाट आणि वाटेच्या टोकाला गुलाबीसर अळी, घरमालकिणीसारखी.

म्हणजे भाऊजी दोन महिने पानांवर कागद, पानांवर काढा, पानांचे फोटो करत होते, आणि कीड जिथून शिरली ती भेग आम्हीच ठेवली होती, पातळीच्या नावाने.

सून तिथेच खाली बसली. तोपर्यंत ती माझ्यासमोर कधी अशी बसलेली मी पाहिली नव्हती. फोडलेला बटाटा तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आत्या, सगळ्यांत अळी अजून गेलेली नाही. आज भर घातली आणि पाणी देऊन भेगा बुजवल्या तर वाचेल. अजून पंधरा दिवसांनी काढणी. तुम्ही मामांना काय सांगायचं ते सांगा, पण मला भर घालू द्या."

मी काही सांगितलं नाही, कुणालाच. घरी गेले, पदर खोचला, दोन कुदळी घेऊन आले.

पासष्टाव्या वर्षी कुदळ मारणं दिसायला फार शोभिवंत नसतं. पहिल्या ओळीलाच कंबर बोलायला लागली. बांधावरची ती बाई परत आली, या वेळी मला म्हणाली, "आता सासूपन समाध्या बांधाया लागली." मी तिला म्हटलं, तुझ्या हाताला काम नाय ना, ये. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आपली कुदळ घेऊन आली, आणि आमच्या दोघींपेक्षा जोरात चालवली, तोंडही तितक्याच जोरात. सगळ्या भावकीची लफडी मला त्या दोन दिवसांत कळली. मुलगा घरी होता, पण त्याला झोपायचं होतं. रात्रीची शिफ्ट.

सात ओळी झाल्या. कालव्याला त्या आठवड्यात पाणी सुटलेलं होतं. कालवा आमच्याकडे बारा महिने असतो, पाणी त्यात अधूनमधून असतं. त्या सात ओळींना पाणी दिलं, भेगा मिटल्या. आठव्या ओळीला कुदळ लावणार तर पाणी बंद, आणि माझी कंबरही बंद. पाच ओळी तशाच राहिल्या, उघड्या. सुनेने एकटीने करायचा प्रयत्न केला, पण सुकून दगड झालेल्या मातीला कुदळ लागत नव्हती.

काढणीच्या दिवशी भाऊजी आले. आधी कळवून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कारण फोटो निघणार होते. भर घातलेली त्यांना बांधावरूनच दिसली. मग ते वडखळच्या गर्दीवर त्या दिवशी जरा जास्त बोलले. सुनेने आधीच पाला कापून लांब नेऊन ठेवला होता. आम्ही बायका बटाटे उकरत गेलो. ऊन चढायला लागलं तसा मी शहाणपणा केला. आमच्याकडे काहीही काढलं की त्यावर त्याचाच पाला टाकायची पद्धत, तशी मी तो कापलेला पाला कवेत भरून आणून पहिल्या ढिगावर पसरला. सून पलीकडून धावत आली आणि तो सगळा ओढून फेकला. पाल्यातल्या अळ्या खाली उतरून बटाट्यात जातात, आत्या. बरं झालं बाई, म्हटलं. मी जन्मभर जे करत आले ते चुकीचं आहे, हे कळायचा हा महिनाच होता. मग पोती पसरून ढीग झाकले.

तिने एक मात्र केलं, ते मला आधी कळलं नाही. बटाटे एका जागी न करता, ज्या ओळीचे त्या ओळीच्या तोंडाशी ठेवत गेली. बारा ओळी, बारा ढीग. दुपारपर्यंत सगळे ढीग कालव्याच्या कडेने रांगेत उभे राहिले. पहिले सात बघत राहावेत असे. त्यांतही दोनचार किडके निघाले, नाही असं नाही, पण घमेल्याच्या बुडाशी मावतील एवढे. पुढच्या पाच ढिगांत हात घालवत नव्हता. दर दुसरा बटाटा डोळ्यापाशी काळा, काहींतून पाणी गळत होतं, वास सुटला होता.

भाऊजी नेमके बाराव्या ढिगापाशी गेले. एक किडका बटाटा दोन बोटांत धरून वर केला आणि म्हणाले, बघा, मी म्हणत होतो, आपल्या हवेत हे येणार नाही. सुनेच्या ओठांवर घाम होता आणि ती पहिल्या ढिगाकडे बघत होती, बाराव्याकडे नव्हे. मी तिच्या जागी असते तर रडले असते. मग भाऊजी बाराव्याकडून पहिल्याकडे चालत आले. मास्तर ना शेवटी, ढीग मोजायची सवय. आठव्या आणि सातव्याच्या मधे थांबले. एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. जमिनीकडे पाहिलं. या बाजूला मातीची उंच भर, त्या बाजूला सपाट खाचर, आमच्या वंशाची अब्रू.

त्यांनी विचारलं, "मग या पाच ओळींना भर का नाही घातली?"

असं विचारायला धैर्य लागतं. मी म्हटलं, "तिथे आम्ही तुमच्या आज्ञेत होतो, भाऊजी."

बांधावरची बाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. भाऊजी हसले नाहीत. बरं बरं, पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. माझ्या लग्नापासून या घरात जेवढं म्हणून बघू झालं त्यातलं काहीही पुढे कुणी बघितलेलं नाही. सुनेलाही हे तीन वर्षांत कळलेलं होतं. तिने हातातलं घमेलं खाली ठेवलं. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला त्या फोनच्या दिवशीची, भिंतीला टेकवलेली कुदळ दिसली.

मग मी बोलले. फार काही नाही. म्हटलं, भाऊजी, तुमच्या अर्ध्याचं तुम्ही बघा. माझं अर्धं पुढच्या हिवाळ्यापासून हिचं. भर घालू दे, खड्डे काढू दे, डोंगर करू दे. पावसाळ्यात फळी फिरवून मी ते सपाट करून दाखवीन, आणि नाही झालं तर तुम्ही मला बोला. त्यांच्यासमोर मी कधी सलग चार वाक्यं बोलले नव्हते.

भाऊजी म्हणाले, वहिनी, कागद तुमच्याच नावावर आहे, मी कोण अडवणारा. हे ऐकून मला जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. एवढ्या सोप्या उत्तरासाठी मी इतकी वर्षं पेणला फोन करत होते.

सुनेने काही आभार वगैरे मानले नाहीत. ती लगेच कामाला लागली. सात ढिगांतले चांगले बटाटे पोत्यांत भरायला घेतले आणि तिथूनच सांगितलं की किडके सगळे आजच्या आज पुरायचे, शेतात एकही राहता कामा नये, नाही तर त्यातून निघालेले पतंग पुढच्या वर्षी दारात उभे राहतील. पुरायला खड्डा हवा, आणि आम्हा बायकांच्या कमरा संपल्या होत्या. ती भाऊजींकडे वळली आणि त्यांच्या हातात कुदळ दिली, अगदी आदराने. मग त्यांनी खिशातला मोबाइल काढून माझ्याकडे दिला, बाह्या दुमडल्या आणि विचारलं, किती खोल.

"कमरेएवढा, मामा," ती म्हणाली. "तुमच्या कमरेएवढा, आत्यांच्या नव्हे."